शेवटच्या बाकापर्यंत पेला

ही हकिकत मी दोन प्रकारच्या माणसांसाठी लिहितो आहे. एक, ज्यांना महिनाभर खोकला आहे आणि जे मेडिकलमधून औषधाची बाटली आणून दिवस काढत आहेत. दुसरे, ज्यांना आपण अंगाने आणि आत्म्याने अगदी ठणठणीत आहोत असं वाटतं. मी एकाच वेळी दोन्ही होतो, म्हणून दोघांशीही बोलायचा थोडा हक्क मला आहे.

माझं नाव शांतवन. मलकापूरच्या एसटी स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे माइकवर गाड्या पुकारणारा. ‘मोताळामार्गे बुलढाण्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, देवच जाणे. निवृत्त झाल्यावर तो खणखणीत आवाज मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, कामी आला. रेल्वे लाइनच्या पलीकडे आमचं पत्र्याचं छोटं चर्च आहे. मालगाडी जाताना प्रार्थना थांबवावी लागते. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तीन गावं सांभाळतात, त्यामुळे रोजचा कारभार मंडळीने निवडलेल्या चार वडिलांकडे, म्हणजे जाणत्या सभासदांकडे, असतो. त्या चौघांत माझा शब्द शेवटचा असायचा.

दर उन्हाळ्यात आमच्याकडे तीन संध्याकाळी जागृती सभा होतात. शेवटच्या संध्याकाळचं आवाहन माझ्याकडे. माझा एक ठरलेला दाखला होता. गाडी लागली आहे, पुकारा झाला आहे आणि प्रवासी पिशवी उशाला घेऊन बाकड्यावर झोपला आहे. उठा, पश्चात्ताप करा, गाडी कोणासाठी थांबत नाही. लोक रडायचे. मीही डोळे पुसायचो. पुकारणारा स्वतः त्या गाडीत कधीच बसत नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती.

एकच पेला

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस घ्यायचा. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळून रस करायचा, तो माझी बायको लीला करते. पूर्वी एकच पेला सगळ्या मंडळीत फिरायचा. कोरोनात प्लास्टिकच्या चिमुकल्या पेल्या आल्या. साथ सरल्यावरही लोकांना त्याच बऱ्या वाटत होत्या, पण मी हटून बसलो. आपण एक शरीर आहोत तर पेलाही एकच हवा, असं मी सभेत बोललो आणि जुना पितळी पेला कल्हई करून परत आणला. त्याचा मला फार अभिमान होता.

पेला वडील धरतात आणि बाकामागून बाक नेतात. ज्याच्या मनात कोणाबद्दल अढी आहे किंवा ज्याचं वागणं बिघडलं आहे, त्याने आधी ते नीट करावं आणि मग पेल्याला ओठ लावावेत, अशी आमची रीत. कोणी ऐकतच नसेल तर वडील त्याचं भोजन बंद करतात. असा माणूस दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो आणि पेला त्या बाकाच्या आधीच वळतो. शिक्षा म्हणाल तर एवढीच. पण छोट्या मंडळीत एवढी पुष्कळ होते.

तीन वर्षांपूर्वी एस्तेरच्या बाबतीत हे झालं. एस्तेर म्हणजे चाळिशीची विधवा बाई, पदरी दोन मुलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. (हे नाव खरं नाही. लिहिण्याआधी मी तिला सगळं वाचून दाखवलं आहे.) सलग तीन महिने पेला समोर आला की ती मान खाली घालायची आणि पुढच्या बाईकडे बोट दाखवायची. अंगाने वाळली होती, कोणाशी बोलत नव्हती. मी तिच्या घरी जाऊन विचारलं, ‘‘एस्तेर, मनात काय पाप लपवून बसली आहेस? सांगून टाक, मोकळी होशील.’’

ती म्हणाली, ‘‘भाऊ, मले आत्ता सांगता नाही येत.’’

सांगता येत नाही म्हणजे नक्कीच तसलं काहीतरी, असा मी हिशेब केला. तसलं म्हणजे काय, हे मी कोणापुढे बोललो नाही. पण विधवा बाईबद्दल वडील गप्प राहिले की लोक रिकाम्या जागा आपापल्या परीने भरतात. आम्ही तिचं भोजन सहा महिने बंद केलं. दोन रविवार ती शेवटच्या बाकावर एकटी बसली आणि तिसऱ्या रविवारपासून यायची बंद झाली. मला वाईट वाटलं, पण शिस्त पाळल्याचं समाधान त्याहून मोठं होतं.

गुरुवार

आता माझ्या खोकल्याकडे येतो. तो दोन महिने होता. मी म्हणायचो, पत्र्याखाली मोठ्याने गायलं की घसा धरतो. पँट सैल झाली तर लीलाला म्हणालो, निवृत्तीने माणूस सडपातळ होतो. तिने शेवटी हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी दिली, छातीचा फोटो काढला. गुरुवारी डॉक्टरांनी बोलावलं. तिशीतली मुलगी होती ती. कागद फिरवून माझ्याकडे केला आणि म्हणाली, ‘‘काका, टीबी आहे. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायची नाही. पूर्ण बरे व्हाल. पण सध्या तुमच्याकडून दुसऱ्याला लागू शकतो. थोडे दिवस घरीच, वेगळ्या खोलीत राहा, तोंडाला मास्क लावा.’’

भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. टीबी म्हणजे दारू पिणाऱ्यांना, उपाशी राहणाऱ्यांना होतो, आमच्यासारख्यांना नाही, असं मी धरून चाललो होतो. बाहेर आल्यावर लीलाला म्हणालो, ‘‘मंडळीत कोणाले सांगू नको. शुगर वाढली म्हण.’’

ती म्हणाली, ‘‘आन् या रविवारी भोजन हाये त्याचं काय?’’

मी रिक्षाला हात केला.

रविवार

त्या रविवारी मी घरी राहू शकत होतो. ताप आहे म्हणून सांगितलं असतं तर कोणाला शंका आली नसती. पण पाळकसाहेब दुसऱ्या गावी गेले असते तर पेला मलाच धरावा लागला असता, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर पाळकसाहेब आले होते. मी गेलो कारण त्या पहिल्या बाकावर माझी जागा रिकामी दिसावी, हे मला सोसवत नव्हतं.

मास्क लावला नाही. पेला माझ्यापुढे आला. क्षणभर वाटलं, मान खाली घालावी आणि पुढे बोट दाखवावं. त्याबरोबर एस्तेर आठवली, आणि तिच्याबद्दल लोकांनी काय काय धरून घेतलं होतं तेही आठवलं. माझ्याबद्दल तसं कोणी धरून घ्यावं? मी पेल्याला ओठ लावले. माझ्यानंतर तो सुमनबाईंकडे गेला. सत्तरी ओलांडलेल्या, साखरेचा आजार असलेल्या, एकट्या राहणाऱ्या सुमनबाई. गुडघे दुखतात म्हणून त्यांना पुरुषांच्या बाजूला, माझ्या शेजारी पंख्याखाली बसवलं जायचं. त्यांनी डोळे मिटून दोन्ही हातांनी पेला घेतला.

घरी येताना लीला माझ्या चार पावलं पुढे चालली. पायरीवर चपला काढता काढता म्हणाली, ‘‘तुमी पेला काऊन घेतला?’’

‘‘लोक काय म्हणले असते?’’

‘‘लोकाईचं नाही विचारून राह्यली मी.’’ आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून मुलगा आला. सूनबाई सहा महिन्यांच्या नातीला घेऊन महिनाभर आमच्याकडेच होती. सगळ्यांची तपासणी झाली, देवाच्या कृपेने कोणालाच काही निघालं नाही, पोरीला खबरदारीच्या गोळ्या सुरू झाल्या. मुलाने दोघींना अकोल्याला नेलं आणि पोरीला सांभाळायला लीलाही गेली. जायला हवंच होतं. पण जाताना तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही, आणि ते नातीमुळे नव्हतं हे मला ठाऊक होतं.

कोणाकोणात उठबस?

टीबीच्या कामावरचा एक माणूस फॉर्म घेऊन आला. ओट्यावरच उभा राहून विचारू लागला. घरात कोण कोण? सांगितलं. आणखी कोणाबरोबर बंद खोलीत बसणं-उठणं होतं?

दर बुधवारी संध्याकाळी सुमनबाईंच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण प्रार्थनेला बसायचो. डास येतात म्हणून दार-खिडकी लावून. मी सर्वांत मोठ्याने गायचो.

मी म्हणालो, ‘‘कोणी नाही. रिटायर माणूस हाओ मी.’’

त्याने तसं लिहून घेतलं.

वॉर्ड

दुसऱ्या आठवड्यात खोकल्यातून रक्त आलं. रुमालावरचा तो डाग पाहून मी मोरीतच खाली बसलो. घरात हाक मारायला कोणी नव्हतं. एकशे आठच्या गाडीने मला बुलढाण्याला नेलं आणि दहा दिवस तिथल्या सरकारी दवाखान्याच्या टीबी वॉर्डात ठेवलं.

बुलढाणा डोंगरावर, त्यात वॉर्डाच्या खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवायचा नियम. पहाटे दात वाजायचे. सहाला सिस्टर तापाची नळी घेऊन यायच्या, मग थुंकीची डबी, मग गोळ्या आणि त्या समोर उभ्या राहून गिळायला लावायच्या. दुपारी वरण-भात आणि उकडलेलं अंडं. चारला भेटीची वेळ. इतरांचे लोक बाहेरच्या कठड्यावर येऊन बसायचे, डबे यायचे. मी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो.

शेजारच्या खाटेवर खामगावचे रफिकभाई म्हणून शिंपी होते. माझ्या उशीची उसवलेली खोळ त्यांनी स्वतःहून शिवून दिली. एकदा मी अगदी हळू एक गीत गुणगुणत होतो तर म्हणाले, ‘‘जोरात म्हणा नं भाऊ. इथं कोण झोपलं हाये?’’ त्या दहा दिवसांत मला तेवढंच हसू आलं.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्या चर्चवाले नाही आले कोणी?’’

‘‘त्याईले माहीत नाही. मी अकोल्याले लेकाकडे गेलो म्हून सांगतलं.’’

त्यांनी पांघरूण पायांवर नीट ओढलं. मग म्हणाले, ‘‘मी त मस्जिदीत सांगून देल्लं. खांद्याले खांदा लावून उभं राह्यतो आमी. चौघाईले तपासाले पाठोलं. एक जण बोलत नाही माह्याशी तवापासून. जाऊ द्या.’’

पुढे ते काही विचारतील म्हणून मी पाणी प्यायला उठलो.

रिकामं घर

घरी परतलो. इथून पुढचे दिवस सगळ्यांत वाईट, आणि रोग तर तेव्हा बरा होत चालला होता. गोळीने लघवी लालभडक होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी लीला अकोल्याला गेल्यावर एके दिवशी रंग जास्तच गडद दिसला म्हणून घाबरून मी तिला फोन केला होता. ती म्हणाली होती, ‘‘सांगतलं होतं नं त्याईनं. कान कुठी होते तुमचे?’’ त्यानंतर तिचा रोज एकच प्रश्न असायचा, ‘‘गोळी घेतली?’’ मी म्हणायचो, ‘‘हाव.’’ की फोन बंद. तीस वर्षांच्या संसारात ती इतकं कमी कधी बोलली नव्हती.

मंडळीला वाटत होतं मी अकोल्याला आहे. त्यामुळे माझ्याच गावात, माझ्याच घरात मी पुढचं दार लावून बसायचो. रविवारी सकाळी वाऱ्याबरोबर गाण्याचा आवाज यायचा. मालगाडी आली की तो थांबायचा आणि मीही ओठ मिटायचो. मी प्रार्थना करायचो, पण ती छतापर्यंतच जायची. बोलायचं ते मी बोलत नव्हतो आणि बाकी सगळं बोलत होतो, हे देवाला कळत असणारच.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांना मी हळूच विचारलं, एका पेल्यातून प्यायलं तर टीबी पसरतो का? त्या म्हणाल्या, ‘‘नाही काका, भांड्याने नाही पसरत. हवेतून पसरतो, खोकल्यातून. बंद खोलीत जास्त.’’ बाहेर येताना पाय हलके झाले होते. पेल्याचा दोष माझ्यावरून उतरला. गेटपर्यंत पोचेपर्यंत बुधवारची ती बंद खोली आठवली. तरी आपलं मन किती लबाड असतं पहा. मी म्हणालो, आता दोन महिने होत आले, कोणाला काही व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं.

त्याच आठवड्यात सुमनबाईंचा फोन आला. ‘‘शांतवन, कवा येतं रे बाबा? तुह्यावाचून बुधवारी गाण्याले मजा नाही.’’ आणि बोलता बोलता त्या खोकल्या. बराच वेळ खोकल्या. म्हणाल्या, ‘‘काही नाही, थंडी बाधली. तीन हप्ते झाले.’’

फोन ठेवल्यावर मी दिवसभर काही खाल्लं नाही. आणि तरीही कोणाला काही सांगितलं नाही. हे मला लिहायला जड जातं आहे, पण हेच लिहायला मी बसलो आहे.

एस्तेर

तो फॉर्मवाला पुन्हा आला तेव्हा म्हणाला, तुम्ही फार एकटे दिसता, आमच्याकडे बरे झालेले काही जण आहेत, ते नव्या पेशंटशी येऊन बोलतात, उद्या एका ताईंना पाठवतो. मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर एस्तेर उभी होती. अंगाने भरलेली, हातात कापडी पिशवी.

‘‘घाबरू नका,’’ ती म्हणाली. ‘‘नाव वाचूनच आली मी. कोणाले सांगत नाही, आमचा थो नियमच हाये.’’

मी कसंबसं विचारलं, ‘‘तुले झाला होता टीबी?’’

‘‘हाव. तीन वर्षं झाले.’’

ती खिडकी उघडून तिच्याजवळ बसली. मी म्हणालो, ‘‘म्हणून तू पेला...’’

‘‘म्हून.’’

‘‘मंग मले सांगतलं काऊन नाही? मी घरी आलो होतो तुह्या.’’

‘‘तुमाले सांगतलं असतं त चार वडिलाईले समजलं असतं. चार वडिलाईच्या घरी समजलं असतं. शाळेत खिचडीवर होती मी, भाऊ. टीबीवालीच्या हातचं लेकराईले कोण खाऊ देते? आई बिमार हाये म्हून सुट्टी टाकली. थुंकी साफ आली तवाच चुलीले हात लावला. पण शाळेत थो कागद दाखोला असता त कामावरूनच काढलं असतं.’’

‘‘पेल्याने पसरत नाही म्हणतात डॉक्टर.’’

‘‘आता माहीत पडलं. तवा मले कोणं सांगतलं होतं? मले वाटे, माह्या उष्ट्या पेल्यानं एखाद्या म्हाताऱ्या माणसाले काही झालं त देवाले काय तोंड दाखवू?’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘थुंकी साफ आल्यावर पेला घ्याचा, असं मी ठरोलं होतं. तवरक तुमी बंदच करून टाकला.’’

मला जे माहीत नव्हतं ते तिलाही माहीत नव्हतं. त्याच अज्ञानात तिने ओठ मागे घेतले होते आणि मी ओठ पुढे केले होते. आणि आमच्या दोघांत पहिल्या बाकावर मी बसत होतो.

मी तिला सांगितलं. गुरुवारचं, रविवारचं, सुमनबाईंचं. ती ऐकत राहिली. ‘‘तुमी त वडील होते,’’ एवढंच म्हणाली. मग एकदम तिने विचारलं, ‘‘मंडळीत कोणाची तपासणी झाली?’’

‘‘मी नावं देली नाहीत.’’

ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ‘‘माह्यावर आळ आला थो राहू द्या, भाऊ. थो मी गिळला. पण थे म्हातारी खोकलून राह्यली. मी शनिवारच्या बाजारात पाह्यलं तिले, भाजीची पिशवी उचलता येऊन नव्हती राह्यली. तुमी रडू नका. रडाची सभा नाही हे. आज सांगा, उद्या नाही.’’

ती गेली. पश्चात्ताप हा शब्द मी हजारदा माइकवर म्हटला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्याला पाय असतात. तो चालत चालत कोणाच्या तरी दारात जावा लागतो.

सुमनबाईंचं दार

तोंडाला मास्क लावून मी भर दुपारी रस्त्यावरून गेलो. माझी थुंकी तोवर साफ आली होती, पण मास्क काढायची हिंमत झाली नाही. सुमनबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी खालीच उभा राहून सगळं सांगितलं. त्या माझ्या मास्ककडे पाहत राहिल्या.

शेवटी म्हणाल्या, ‘‘दोन महिने तू गावातच होता?’’

‘‘हाव.’’

‘‘आन् मी तुह्यासाठी अकोल्याच्या दिशेनं हात जोडत होती.’’

मी त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी तोंड बाहेरच्या बाजूला ठेवलं. त्यांना टीबी निघाला. माझ्यापासूनच लागला की आणखी कोणापासून, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. पण मी दोन महिने आधी बोललो असतो तर त्यांचे दोन महिने वाचले असते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. त्या वयात गोळ्या त्यांना फार जड गेल्या. एकदा तर आता त्या राहत नाहीत असंच वाटलं.

संध्याकाळी लीलाला फोन करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘गोळी घेतली?’’ मी हाव म्हटलं. ‘‘मी परवा येतो,’’ ती म्हणाली, आणि आली.

मंडळीपुढे

त्या रविवारी मी पाळकसाहेबांची परवानगी घेऊन उभा राहिलो. आधी एस्तेरकडे जाऊन विचारून आलो होतो की तुझ्याबद्दल काय बोलू. ती म्हणाली, ‘‘माह्या आजाराचं नाव घ्याचं नाही. एवढंच सांगा का चूक तुमची होती.’’

मी तसंच सांगितलं. मला टीबी झाला आहे, मी लपवला, तुम्ही सगळे तपासून घ्या. एस्तेरवर लावलेली शिस्त चुकीची होती आणि ती चूक माझी होती. मी वडीलपण सोडतो आहे. माझं भोजन सहा महिने बंद करा, तिचं केलं होतं तेवढंच.

जागृती सभेत माझ्या बोलण्यावर लोक रडायचे. त्या दिवशी कोणी रडलं नाही. पंखे फिरत होते. एक बाई आपल्या लेकराला घेऊन उठली आणि दूरच्या खिडकीजवळ जाऊन बसली. पाळकसाहेबांनी सगळं मान्य केलं, फक्त खांद्यावर हात ठेवताना त्यांनाही क्षणभर विचार करावा लागला. सगळ्यांची तपासणी झाली, आणखी कोणाला निघाला नाही. छोट्या पेल्या परत आणाव्या अशी चर्चा निघाली तेव्हा सुमनबाईंनी निरोप पाठवला, ‘‘पेला एकच राहू द्या. खोकला आला त आंधी दवाखान्यात जा, मंग चर्चात या.’’ तो ठराव झाला.

दाराजवळ

शेवटच्या बाकावरून फक्त पाठी दिसतात. इतकी वर्षं पहिल्या बाकावर बसून मला हे माहीत नव्हतं. पेला येताना दिसतो, पुढच्या बाकावरच्या माणसापर्यंत येतो आणि वळतो. कोणी मागे पाहत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही, मीही कधी पाहिलं नव्हतं. काही जण माझ्याशी बोलू लागले, काही अजून बोलत नाहीत. लीला बायकांच्या बाजूला पुढे बसते. एस्तेरच्या घरी मी दोनदा जाऊन क्षमा मागितली. दोन्ही वेळा तिने चहा दिला आणि म्हणाली, ‘‘पाहू.’’

मी रोज पहाटे उठून प्रार्थना करतो, आता कमी बोलतो. ज्यांनी माझी आवाहनं ऐकली होती त्यांना सांगतो, जागं होणं म्हणजे डोळ्यांत पाणी येणं असं मी तुम्हाला शिकवलं, ते अर्धं होतं. ज्याला आपण दुखावलं त्याचं नाव फॉर्मवर लिहून देणं, त्याच्या ओट्याखाली उभं राहणं, आणि त्याने ‘पाहू’ म्हटलं तर परत जाऊन वाट पाहणं, हे मी शिकवलंच नव्हतं. ज्याच्या छातीत किंवा मनात काही अडकलं असेल त्याने आजच जावं. मी उशीर केला आणि त्याची किंमत एका म्हाताऱ्या बाईने भरली.

माझी शेवटची गोळी ज्या आठवड्यात संपली, त्याच्या पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. सुमनबाई काठी टेकत आल्या आणि पंख्याखाली बसल्या. येताना माझ्याजवळ थांबल्या नाहीत, पण काठी माझ्या बाकाला टेकवून जरा दम खाल्ला. पहिलं गीत सुरू झालं आणि दारात सावली पडली. एस्तेर होती. तीन वर्षांनी.

पुढे दोन-तीन बाकांवर जागा होती. ती माझ्यापाशी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘सरका थोडं, भाऊ. हे माही जागा हाये.’’

मी सरकलो. ती बसली.

पेला पुढच्या बाकापर्यंत आला. नवा वडील तो हातात धरून थबकला, वळावं की काय त्याला कळेना. एस्तेरने हात पुढे केला. दोन्ही हातांनी पेला घेतला, ओठ लावले, परत दिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि पुढे बोट दाखवलं. तो गेला.

एस्तेरने पदराने ओठ टिपले. ‘‘तुमचे अजून दोन महिने हाये नं?’’ तिने विचारलं.

‘‘हाव.’’

‘‘बसतो मी तवरक,’’ ती म्हणाली, आणि आपली पिशवी आमच्या दोघांच्या मधे बाकावर ठेवली.